मामाचे दोन आवाज आणि आईचा अबोला

माझा मामा गावभर खोटं ओरडत फिरायचा आणि त्याबद्दल गावाची काहीही तक्रार नव्हती. तक्रार होती फक्त माझ्या आईची, आणि ती एकटी गावाला भारी होती.

मामाचा धंदा दवंडीचा. त्याच्याकडे एक तीनचाकी टेम्पो होता. त्याच्या हौद्यात दोन भोंगे एकमेकांकडे पाठ करून बसवलेले असत, रागावलेल्या नवरा-बायकोसारखे. त्यातल्या एकाला पोचा होता, कारण मामाने एकदा टेम्पो घड्याळवाल्यांच्या बाल्कनीखालून नेला होता आणि बाल्कनी त्याच्या अंदाजापेक्षा खाली निघाली होती. भोंग्यांना तो रोज फडक्याने पुसायचा. त्याने लग्न केलं नाही ते भोंगे ठेवायला घरात जागा उरणार नाही म्हणून, असं लोक म्हणत. मामाने कधी नाकारलं नाही.

त्याचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे टेकाडावरचं गादीचं दुकान. ‘आज शेवटचा दिवस! उद्या कपाळावर हात मारून घ्याल! धावा, धावा, गादीच्या दुकानात चला!’ असं मामा भोंग्यावर दुकानाचं गाणं लावून वर्षभर ओरडायचा. शेवटचा दिवस रोज असायचा. हे लोकांना ठाऊक होतं, गादीवाल्यांना ठाऊक होतं, आणि आमच्या आळीतलं कुत्रं ‘धावा’ ऐकलं की कूस बदलून झोपायचं.

ठाऊक नव्हतं ते आईला. म्हणजे असावं, पण तिची समजूत अशी की सख्खा भाऊ बहिणीच्या खिडकीखाली उभा राहून खोटं कशाला बोलेल? आईचं शिवणकाम होतं. आळीच्या तोंडाशी आमचं घर, रस्त्याला लागून खिडकी आणि खिडकीत आजीच्या वेळचं लोखंडी मशीन. एके दिवशी मामाचं ‘शेवटचा दिवस’ ऐकून आई गळ्यात टेप तशीच ठेवून टेकाडावर पळाली. पळताना डॉक्टरांच्या नव्या पँटवर इस्त्री राहिली. गादी घेऊन ती परत आली तेव्हा पँटला नेमकी बसण्याच्या जागी इस्त्रीच्या आकाराची खिडकी पडली होती. डॉक्टरांनी वर्षभर आळीत पाऊल टाकलं नाही, आमचा खोकला आम्हीच बरा केला. पण आईला खरं लागलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मामा खिडकीखालून जाताना तितक्याच आनंदाने ओरडला, ‘आज शेवटचा दिवस!’

आईने खिडकी लावून घेतली आणि अबोला धरला.

अबोला म्हणजे नुसतं गप्प बसणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या घरी यायला हवं होतं. मी तेव्हा चांगली मोठी होते. आईच्या हाताखाली काज-बटणं करायचे, माझ्या लग्नाच्या चौकशा परतवून लावायचे, आणि त्यात ही निरोप्याची नोकरी गळ्यात पडली. मामा रोज संध्याकाळी न चुकता यायचा.

‘त्याला विचार, चहा घेणार का.’

मामा आईच्या समोर, हातभर अंतरावर. ‘मामा, चहा घेणार का?’

‘तिला सांग, अर्धा कप.’

‘त्याला सांग, अर्ध्या कपासाठी मी भांडं खराब करत नाही.’

‘तिला सांग, मग पूर्ण.’

मी एकदा वैतागून मध्येच उठून गेले, तर दोघं तासभर भिंतीशी बोलत बसले. भिंतीने निरोप पोचवले असावेत, कारण परत आले तेव्हा चहा झालेला होता.

आता मामाची बाजू सांगते, नाहीतर भाचीने मामाची बदनामी केली असं व्हायचं. मामाला दोन आवाज होते. एक सेलचा, तो सांगितलाच. दुसरा हरवल्याचा. कोणाचं काही हरवलं की लोक मामाकडे धावत, आणि ते काम तो फुकट करायचा. तेव्हा तो गाणं बंद करायचा. टेम्पो थांबवून खाली उतरायचा, टोपी काढून बॉनेटवर ठेवायचा आणि अगदी साध्या, घरातल्या आवाजात बोलायचा. ‘हरवले आहेत. घड्याळवाल्यांचे वडील. अंगात तपकिरी स्वेटर, उलटा घातलेला. हाक मारल्यास ओ देत नाहीत, लिमलेटची गोळी दाखवल्यास येतात.’ एवढंच. धावा नाही की कपाळावर हात नाही. आणि गंमत बघा, मामाचं गाणं थांबलं रे थांबलं की आळीतली दारं पटापट उघडत. बायका पोळपाट टाकून बाहेर येत. न्हाव्याच्या खुर्चीत झोपलेले घड्याळवाल्यांचे वडील असेच सापडले. एक पोपट सापडला, एक कवळी सापडली, आणि एकदा तर न हरवलेली सायकलसुद्धा सापडली. सेलच्या आवाजात मामा काय वाटेल ते बोलायचा, पण हरवल्याच्या आवाजात त्याने स्वेटरचा रंगसुद्धा कधी वाढवून सांगितला नाही.

अशात नगरपालिकेत आपत्तीसाहेब आले. त्यांच्या खात्याचं नाव लांबलचक होतं, त्यात आपत्ती हा एकच शब्द लोकांना कळला म्हणून हे नाव. माणूस भला, पण ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’ हे शब्द त्यांना इतके आवडायचे की पाणी मागतानाही ते मध्ये घालतील की काय अशी भीती वाटायची. आमची आळी नदीकाठची, खोलगट. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले तर पाणी थेट आमच्याकडे. तर आळीतल्या लोकांना हलवायचं कुठे? नगरपालिकेचं स्वतःचं सभागृह आमच्यापेक्षाही खोलात होतं. आपत्ती खातं तर त्याच्या तळघरात. उंचावर, मोठी, कोरडी आणि झोपायची सोय असलेली जागा गावात एकच होती.

गादीवाले तयार झाले. नगरपालिकेने हात वर करायचे आणि ते गादीवाल्यांनी धरायचे, अशी ती भागीदारी. जागा त्यांची, गाड्या नगरपालिकेच्या, आवाज मामाचा. गादीवाल्यांनी दोन अटी घातल्या. एक, आपद्ग्रस्तांनी चपला बाहेर काढाव्यात. दोन, प्रत्येक सूचनेच्या आधी दुकानाचं गाणं आणि दुकानाचं वाक्य वाजलंच पाहिजे. सह्या झाल्या, फोटो निघाले, फोटोत मामा भोंग्यामागे झाकला गेला.

दुकानाचं वाक्य होतं, ‘निवांत झोपा, आम्ही आहोत ना!’

म्हणजे पूर्ण सूचना अशी: आधी अंगाईसारखं गाणं, मग ‘निवांत झोपा, आम्ही आहोत ना! पाणी येत आहे! सर्वजण त्वरित गादीच्या दुकानात चला!’ हे लिहिणाऱ्याने, तपासणाऱ्याने आणि सही करणाऱ्याने एकदा तरी मोठ्याने वाचलं असेल का, हा प्रश्न मला अजून पडतो.

रंगीत तालीम झाली. मामा ओरडत आळीतून गेला, आपत्तीसाहेब दुकानाच्या दारात शिट्टी घेऊन उभे राहिले. दुकानात आली दोनच माणसं. एकाला जुनी गादी बदलून हवी होती, दुसरा उशीचा भाव विचारून गेला. ‘नागरिकांमध्ये कुतूहल आढळले,’ असं साहेबांनी वर कळवलं.

मामा मात्र त्या दिवशी आमच्याकडे आला तो चहाला नाही म्हणाला. ‘तिला सांग, माझ्या आवाजावर लोक हलत नाहीत.’

‘त्याला सांग, हलले होते एकदा. पँट जळली.’

मामा तडक साहेबांकडे गेला आणि हेच त्यांना म्हणाला. साहेबांनी विचार करून उपाय सांगितला, ‘आवाज वाढवा.’

आणि मग खरोखरच धरणाचे दरवाजे उघडले. आमच्याकडे पावसाचा टिपूस नव्हता. लख्ख दुपार, दोऱ्यांवर कपडे वाळताहेत, नदी नेहमीसारखी आळसावलेली. पाऊस पडला होता वर डोंगरात, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळं पाणी आमच्या आळीत येणार होतं. अशा उन्हात पुराची गोष्ट कोणाला पटणार?

मामाचा टेम्पो आळीत शिरला, शेजारी आपत्तीसाहेब. अंगाई सुरू झाली. ‘निवांत झोपा, आम्ही आहोत ना! पाणी येत आहे! धावा! गादीच्या दुकानात चला!’

कुत्र्याने कूस बदलली. ‘आता पाण्याची गादी काढली वाटतं यांनी,’ घड्याळवाले भिंग न काढताच म्हणाले. पलीकडच्या बाईंनी बाल्कनीतून ओरडून विचारलं, ‘डबल बेडची आहे का?’ मामा आळीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. एक दार उघडलं नाही. आमच्या खिडकीसमोर आला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. घामाने डबडबलेला आणि घाबरलेला. मामाला घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

‘आई, हे खरं आहे गं.’

‘खिडकी लाव,’ आई म्हणाली आणि मशीन चालवायला लागली.

‘साहेब,’ मामा टेम्पोत म्हणत होता, ‘हे गाणं बंद करू द्या. माझ्या पद्धतीने सांगतो.’

‘अहो, असं कसं? सार्वजनिक-खासगी भागीदारी आहे ही. वाक्य वगळता येत नाही.’

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. कार्यालयातून शिपाई बोलत होता. तळघरात पाणी शिरलंय, साहेबांची खुर्ची तरंगतेय, तिला बांधून ठेवू का सोडून देऊ? साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी फोन खिशात ठेवला, मामाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘तुम्हाला काय बोलायचं ते बोला.’

मामाने गाणं बंद केलं.

आळीत एकदम शांतता झाली. मामा खाली उतरला. टोपी काढून बॉनेटवर ठेवली. घड्याळवाल्यांनी भिंग काढलं. बाल्कनीतल्या बाई आत जायच्या थांबल्या. दारं उघडायला लागली.

‘हरवणार आहे,’ मामा म्हणाला. ‘माझी बहीण. गळ्यात टेप, डोळ्याला चष्मा, एक काडी दोऱ्याने बांधलेली. हाक मारल्यास ओ देत नाही. आत्ता खिडकीत आहे. संध्याकाळी त्या खिडकीत पाणी असेल. वरचे दरवाजे उघडलेत. कोणालाही सापडल्यास तिला टेकाडावर आणून सोडावं. आणि स्वतःही यावं.’

सगळी आळी वळून आमच्या खिडकीकडे बघायला लागली. मशीन थांबलं.

घड्याळवाल्यांनी शटर ओढलं आणि वडिलांना स्वेटर घालायला घेतलं, सुलट. बायकांनी मुलं काखोटीला मारली. बाल्कनीतल्या बाई पिंजरा घेऊन खाली उतरल्या, तोच पोपट, एकदा हरवलेला. नगरपालिकेच्या गाड्या आळीच्या तोंडाशी लागल्या. साहेब शिट्टी वाजवायची विसरून एका आजींची पेटी उचलत होते. थोड्याच वेळात आळीत उरलो आम्ही तिघं.

‘त्याला सांग, मी हरवलेली नाही,’ आई खिडकीतून म्हणाली.

‘तिला सांग, अजून नाही.’

‘त्याला सांग, मशीन सोडून मी येत नाही. आईचं आहे.’

मामाने टेम्पोकडे पाहिलं. हौद्यात भोंगे, त्यांची बॅटरी, आवाज वाढवायची मोठी पेटी, सगळं गच्च भरलेलं. सरकारी गाड्या माणसांनीच भरून गेलेल्या. मग त्याने सीटखालचा पाना काढला आणि भोंग्यांचे नट सोडवायला लागला. नट गंजलेले होते. त्याच्या बोटांना रक्त आलं. मी म्हटलं, ‘मामा, अरे भोंगे!’ तर म्हणाला, ‘नंतर बघू.’ दोन्ही भोंगे त्याने आमच्या कपाटावर ठेवले, पोचा आलेला भिंतीकडे तोंड करून. मग आम्ही दोघांनी आणि आईने, तिने फक्त सूचना देऊन, मशीन हौद्यात चढवलं. आई मशीनला धरून मागे बसली. रिकाम्या आळीतून आमचा टेम्पो कसल्याही आवाजाशिवाय टेकाडावर गेला.

दुकानात गाद्यांवर प्लास्टिक घातलेलं होतं. आळीतलं माणूस जरा हललं की सगळीकडून चुर्रर्र आवाज यायचा. गादीवाले दारात उभे राहून पायांकडे बघत होते. मग कोणाचं तरी तान्हं त्या आवाजाने दचकून रडायला लागलं, आणि गादीवाल्यांनी स्वतःच एकेका गादीवरचं प्लास्टिक ओढून काढायला सुरुवात केली. काढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

उशिरा पोचल्यामुळे आम्हाला उरला तो काचेच्या दर्शनी भागातला भला मोठा पलंग. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला मामा आणि मध्ये मी. ‘त्याला सांग, चादर ओढू नको.’ ‘तिला सांग, मी चादर घेतलेलीच नाही.’ रस्त्यावरून जाणाऱ्यांना आम्ही दुकानातला नमुना वाटत असणार.

पण पाणी येईना. ऊन कललं तरी आळी कोरडी. लोक काचेशी येऊन खाली बघायचे आणि मग हळूच मामाकडे बघायचे. ‘माझी आमटी गॅसवर राहिली हो,’ कोणी तरी म्हणालं. मामा काचेला नाक लावून उभा होता. सेलच्या आवाजाची त्याला फिकीर नव्हती, तो कधीचाच वाया गेला होता. पण हा दुसरा आवाज खोटा ठरला, तर पुढे कोणाचा बाप हरवल्यावर दार कोण उघडणार? आईही त्याच्याकडेच बघत होती. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. नाही बोलली. चष्मा पुसला.

आणि मग नदी आळीत शिरली. चोरपावलांनी आली आणि बघता बघता आमच्या खिडकीच्या वर गेली. मामा मटकन पलंगावर बसला आणि रडायला लागला. मला म्हणाला, ‘बरं वाटलं गं मला पाणी बघून. लोकांची घरं बुडताहेत आणि मला बरं वाटलं. काय माणूस आहे मी!’ मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या बाजूने चादर त्याच्या खांद्यावर आली. ती मी टाकलेली नव्हती.

आळीतलं एकही माणूस दगावलं नाही. कुत्रंसुद्धा आमच्या आधी टेकाडावर पोचलं होतं. पाणी ओसरायच्या आधीच साहेबांनी तिथेच, एका उशीवर कागद ठेवून, भागीदारीची कलमं पुन्हा लिहायला घेतली. पहिलं कलम, सूचनेआधी कसलंही संगीत नाही. गादीवाल्यांनी कुरकुर न करता सही केली. म्हणाले, वाक्य तसंही जुनं झालं होतं.

पाणी उतरल्यावर घरी गेलो तर भिंती होत्या, कपाट आडवं पडलं होतं आणि भोंगे नव्हते. दोन दिवस मामा काठाकाठाने चिखलात एकटा फिरत राहिला. साहेबांनी त्याला त्यांची शिट्टी देऊ केली, ती त्याने नम्रपणे परत केली. गावात कोणाचं काही हरवलं की लोक मामाकडे जायचे. मामाचंच हरवल्यावर कोणी कोणाकडे जायचं, हे कोणालाच सुचेना. मामा तर स्वतःसाठी दवंडी देणाऱ्यातला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळी आळी दुकानाच्या पायऱ्यांवर चहा पीत होती. आई उठली. सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. टोपी नव्हती, म्हणून तिने गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली.

‘हरवले आहेत,’ आई म्हणाली. तिचा आवाज मामासारखाच होता, हे मला त्या दिवशी कळलं. ‘दोन भोंगे. एकाला पोचा आहे. माझ्या भावाचे आहेत. माझं मशीन यावं म्हणून त्याने मागे ठेवले होते. कोणाला सापडल्यास—’

‘आक्का,’ मामा खालच्या पायरीवरून म्हणाला, ‘जरा मोठ्याने. मागच्यांना ऐकू जात नाही.’

आईने माझ्याकडे पाहिलं. मी निरोप घ्यायला सवयीने तोंड उघडलं. पण तिने मला हाताने बाजूला केलं आणि वाकून थेट मामाकडे बघितलं.

‘तू गप्प बस,’ ती त्याला म्हणाली.

मामा गप्प बसला. इतक्या आनंदाने गप्प बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. तोवर आळीतल्या लोकांनी चहाचे कप खाली ठेवले होते आणि ते पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून नदीकडे निघाले होते.